रजेच्या अर्जावर काय लिहायचं?

वहिनीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे असतात, गॅसचा नंबर लावल्याची तारीख असते आणि दर महिन्याला लाल पेनाने चार आकड्यांभोवती गोल असतात : ७, ११, १५, २०. सातला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ आणि ईएसआयसी, वीसला जीएसटीआर-३बी. वहिनी दादरला एका खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. घरातलं कुठलंही कार्य ठरवायचं झालं की आधी हे चार गोल बघायचे, मग मुहूर्त, अशी आमच्याकडे रीतच पडली आहे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी पुण्याहून डोंबिवलीला गेलो, तेव्हा त्याच पानांवर हिरव्या पेनाचे गोलही दिसले. विचारलं तर वहिनी म्हणाली, "बसा भावोजी. ताईही येतायत. दोघांना एकदमच सांगते."

तिने वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं होतं.

वहिनीची उंची १५६ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. बीएमआय जवळजवळ ४३. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री झोपेत श्वास अडकतो, म्हणून दिवसा गाडीत बसल्या बसल्या डोळा लागतो. दोनदा दादर मागे टाकून ती भायखळ्याला उतरली आहे. भाताऐवजी भाकरी, भाकरीऐवजी सॅलड, पहाटेचं चालणं, सोसायटीतला योगवर्ग, महागडं डाएट पॅकेज, हे सगळं मी तिला करताना पाहिलं आहे. आठ-दहा किलो उतरायचे आणि वर्षाच्या आत बारा परत यायचे. म्हणून तिचा निर्णय ऐकून मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या वेळापत्रकाचं.

"हे बघा," ती कॅलेंडरवर बोट ठेवून सांगू लागली. "सर्जनना दाखवून झालं, शनिवारी. रक्त न्यायला माणूस सकाळी साडेसहाला घरी येतो. उपाशीपोटी रक्त दिलं की नाश्ता करून नेहमीची गाडी. डायटिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर, रात्री आठनंतर. झोपेच्या तपासणीचं मशीन घरी आणून लावायचं आणि झोपायचं. सोनोग्राफी, टूडी एको, फुप्फुसांची तपासणी आणि एंडोस्कोपी एका सुट्टीच्या शनिवारी. मग भूलतज्ज्ञांचं फिटनेस. ऑडिटची धावपळ ३० सप्टेंबरला संपते, दिवाळी आटोपते, २० नोव्हेंबरला ३बी भरायचं आणि २१ ला भरती. दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज. ५ डिसेंबरला मी खुर्चीवर. सातचा टीडीएस मीच भरणार. ऑफिसात कुणाला कळायचं कारणच नाही."

ताई आमची सगळ्यांत मोठी बहीण. चौतीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होती, त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हे ऑपरेशनचं वेळापत्रक नाही. रिटर्नचं आहे. मधल्या मोकळ्या जागेत तू ऑपरेशन बसवलंयस."

"मग काय चुकलं, ताई? नोकरी करणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं?"

पुढचे दोन तास जे बोलणं झालं ते इथे लिहितो आहे. दोघींपैकी कुणाची बाजू हलकी नव्हती, आणि हा प्रश्न आमच्या एकाच घरातला नाही.

आधी वहिनीच्या बाजूचं सांगतो, कारण ती सहसा कुणी मांडत नाही. रजा ही मोजून मिळणारी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलं की दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा. ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येते. मी सरकारी नोकर. माझ्याकडे वर्षाला वीस दिवस अर्धपगारी रजा जमा होते, वैद्यकीय दाखला दिला की ती निम्म्या हिशेबाने पूर्ण पगारी करून घेता येते. वहिनीकडे तसं काही नाही. तिच्या तीन सीएल, म्हणजे किरकोळ रजा, उरल्या होत्या आणि ईएल, म्हणजे अर्जित रजा, एकतीस. मुलाची दहावी, सासूबाईंचा मोतीबिंदू, गावचं लग्न, सगळं त्याच एकतीसमधून जायचं.

"तपासण्यांवर मी एकही ईएल घालवणार नाही," वहिनी म्हणाली. "एका भेटीसाठी अर्धा दिवस, दुसरीसाठी अर्धा दिवस असं करत गेले तर ऑपरेशनच्या आधीच रजा संपेल."

यावर ताईने लगेच मान डोलावली. "हे मात्र शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे लोक एका रिपोर्टसाठी तीन खेपा घालायचे आणि टाके पडल्यावर म्हणायचे, सिस्टर, उद्या सोडा, रजा नाही."

ऑपरेशनच्या आधीच्या भेटी नोकरीभोवती बसवता येतात, हे माझंही मत आहे. २०२० च्या मार्चमध्ये आपल्याकडे टेलिमेडिसिनचे नियम आले, तेव्हापासून व्हिडिओवरच्या सल्ल्याला रीतसर जागा मिळाली. आहाराचं बोलणं, मानसोपचारतज्ज्ञांशी गप्पा, रिपोर्ट दाखवणं यासाठी दादरहून अर्धी रजा टाकून धावायची गरज नसते. पहिल्याच भेटीत सर्जनच्या मदतनिसाकडून सगळ्या तपासण्यांची पूर्ण यादी मागून घ्यायची आणि ज्या उपाशीपोटी करायच्या त्या एकत्र लावून घ्यायच्या. इतकं केलं तरी तीन-चार खेपा वाचतात.

एका ठिकाणी ताईने बोट ठेवलं. "एंडोस्कोपीच्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस. गुंगीचं औषध देतील. सोबत माणूस लागेल. त्या दिवशी गाडीत एकटी चढायचं नाही आणि कसल्याही कागदावर सहीसुद्धा करायची नाही."

वहिनीने हिरव्या गोलाखाली 'हे सोबत' असं लिहिलं. 'हे' म्हणजे माझा दादा. तो तिथेच पेपर घेऊन बसला होता. पान मात्र बऱ्याच वेळात उलटलं नव्हतं.

पहिली खरी अडचण त्यानंतर निघाली.

"ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार सांगितला असेल," ताई म्हणाली.

"हो. दिवसाला आठशे ते हजार कॅलरी. प्रोटीन शेक, सूप, ताक. यकृत आक्रसतं म्हणाले. ते जठरावर आलेलं असतं, दुर्बिणीतून काम करताना उचलून धरावं लागतं. चरबीने फुगलेलं असेल तर अवघड जातं."

"म्हणजे कुठल्या तारखेपासून?"

वहिनी कॅलेंडरकडे वळली आणि तिचं बोट थांबलं. २१ मधून चौदा वजा केले की ७. सात ते वीस नोव्हेंबर. लाल रंगाचे चारही गोल त्या दोन आठवड्यांत येत होते. तिचे महिन्यातले सर्वांत जड दिवस, आणि तेच उपासाचे.

"मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत तुझ्या," ताईचा आवाज आता वॉर्डातल्यासारखा झाला. "खाणं असं एकदम तोडल्यावर गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारून बदलावा लागतो. नाहीतर साखर खाली जाईल. हात थरथरतील, घाम सुटेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. तू म्हणशील कामाचा ताण आहे. शेजारच्या टेबलावर कुणाला माहीतच नसेल तर तुझ्या तोंडात साखर कोण घालेल?"

वहिनी काही बोलली नाही. तिच्या गुप्ततेला पहिला तडा इथे गेला असं मला वाटलं. तरी तिने बाजू सोडली नाही, आणि सोडू नये असंच कारण तिच्याकडे होतं.

"ताई, तुम्ही अपेंडिक्स काढलंत तेव्हा सगळी चाळ डबे घेऊन आली होती. अपेंडिक्ससाठी कुणी म्हणत नाही की जिभेवर ताबा नव्हता. याला म्हणतात. आमच्याकडे एका मुलाने हे ऑपरेशन करून घेतलं. त्याच्या मागे काय बोलायचे ठाऊक आहे? 'जिमला जायचा कंटाळा, म्हणून पोट कापून आला.' वाढदिवसाचा केक आला की त्याच्याकडे बघून हसायचे. त्याने कधी वडा खाल्ला, कधी नाही खाल्ला, सगळ्यांनी हिशेब ठेवला. मला ते नको आहे. माझं शरीर आहे. त्याची चर्चा कॅन्टीनमध्ये का व्हावी?"

"नितीन गडकरींनी २०११ मध्ये करून घेतलं," ताई म्हणाली. "पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते तेव्हा. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. ते उघडपणे बोलले, म्हणून किती लोकांना धीर आला."

"अध्यक्षांना पंचिंग मशीनवर अंगठा लावावा लागत नाही. मला असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी एप्रिलमध्ये मुलाखत द्यायची आहे. आजारी बाई म्हणून नाव लागलं की संपलं."

"अरुण जेटली तर अर्थमंत्री होते २०१४ मध्ये, त्यांनी करून घेतलं तेव्हा. आणि त्याच महिन्यात त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही. मी तुला घाबरवत नाही. सगळं सुरळीत होतं, बहुतेकांचं होतं. पण चौदाव्या दिवशी खुर्चीवर बसणारच असं तू लिहून ठेवलंयस, आणि त्यात तापाला, उलटीला जागाच ठेवलेली नाहीस."

ताईचं म्हणणं मला पटलं, पण वहिनीच्या भीतीला तिने अजून उत्तर दिलं नव्हतं. जाड माणसाच्या आजाराकडे आपण आजार म्हणून पाहत नाही. ढेकर दिला तरी लोक ताटाकडे पाहतात. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला होता, पुरुषांचा आकडाही त्याच्या आसपास. म्हणजे प्रत्येक डब्यात, प्रत्येक कार्यालयात चारांतलं एक. तरी त्या एकाला वाटतं की आपण एकटेच आहोत आणि दोष आपल्याच हाताचा आहे. वहिनी लपवू पाहत होती यात भित्रेपणा नव्हता. तिने पाहिलं होतं म्हणून ती लपवत होती.

"मग काय सांगायचं ठरवलंयस?" मी विचारलं.

"पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगणार."

"ते नको," ताई ताडकन म्हणाली. "खोटं नको. एक तर डॉक्टर खोटा दाखला देणार नाहीत, देऊही नये. दुसरं, क्लेम ऑफिसच्याच मेडिक्लेममधून करणार ना? कागद फिरतात. तिसरं, उद्या ऑफिसात चक्कर येऊन पडलीस आणि कुणी डॉक्टरांना सांगितलं की हिचं पित्ताशय काढलंय, तर उपचार कशाच्या आधारावर करायचे त्यांनी?"

विम्याचा मुद्दा वहिनीने नीट वाचून ठेवला होता. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये या ऑपरेशनच्या अटी सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या केल्या. वय किमान अठरा, ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. ३५ असेल तर सोबत हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार हवा, आणि त्याआधी साधे उपाय करून ते फसलेले हवेत. वहिनी ४३ वर होती, तरी तिने नऊ वर्षांची डाएटची आणि औषधांची कागदपत्रं फायलीत लावली होती. हिशेबनीस बाई. प्रतीक्षाकाळाचं कलमही तिने तपासून घेतलं होतं, कारण पॉलिसीनुसार ते बदलतं.

इतका वेळ गप्प असलेला दादा तेव्हा बोलला. "ती वजन उतरवायची नवी इंजेक्शनं आली आहेत ना? आठवड्याला एक. रजा नको, टाके नको, कुणाला सांगायला नको."

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आली, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी निघतो. वहिनीनेही डॉक्टरांना तो विचारला होता. "त्यांनी दोन्ही वाटा समजावल्या," ती म्हणाली. "इंजेक्शन थांबवलं की पुष्कळांचं वजन परत येतं, म्हणजे ते चालूच ठेवावं लागेल. माझं वजन आणि साखर बघता त्यांचा कल ऑपरेशनकडे होता, माझाही आहे." ज्याच्यासाठी इंजेक्शन योग्य आहे त्याने ते जरूर घ्यावं. पण ते रजा लागत नाही म्हणून निवडणं मला चूक वाटतं. वहिनीने तसं केलं नाही.

मग चहा झाला. वहिनीने बिनसाखरेचा घेतला. चहानंतर ताईने जो प्रश्न विचारला, त्याने सगळ्या बोलण्याची दिशा बदलली.

"५ डिसेंबरला ऑफिसला जाणार कशी?"

"म्हणजे? नेहमीच्या फास्टने."

"लेडीज डब्यात?"

"मग?"

"बाळा, पोटावर चार-पाच छेद असतील. बाहेरून एवढेएवढेसे. पण आत जठराचा पाऊण भाग काढलेला असेल, उरलेल्या नळीला आतून टाचण्या मारलेल्या असतील. टेबलावर बसून काम करायला दोन आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणतील. ते टेबलाला हो म्हणतायत. डोंबिवलीच्या गाडीला नाही."

डोंबिवलीहून सकाळी फास्ट गाडीत चढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत दोन्ही हातांनी दांडा धरायचा, मागून येणाऱ्या लोंढ्याला पाठ द्यायची, खांद्यावरची पर्स पोटाशी आवळायची. ठाण्याला आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या बायका एकमेकींना रेटतात, तेव्हा कोपर कुणाच्या बरगडीत जातं हे कुणालाच कळत नाही. त्यात पन्नास मिनिटं उभं राहायचं, पाण्याचा घोट घ्यायला हात वर येत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत शरीरातलं पाणी कमी पडणं हे पुन्हा दवाखान्यात जावं लागण्याचं एक नेहमीचं कारण असतं. गटागट पिता येत नाही, दिवसभर घोटघोट करत दीड लिटरच्या वर न्यावं लागतं. मुंबईत नोकरीचे तास आठ असले तरी खरी नोकरी अकरा तासांची असते, आणि त्यातले सर्वांत कठीण तास ऑफिसबाहेरचे असतात. परदेशातल्या पुस्तिकांमध्ये 'बैठं काम असेल तर दोन आठवडे' असं लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने आपली लोकल पाहिलेली नसते.

वहिनी पहिल्यांदाच निरुत्तर झाली. "कॅबने रोज परवडणार नाही," ती हळूच म्हणाली.

"मग घरून काम कर," मी म्हणालो. "लॅपटॉप आहे, टॅलीचं रिमोट ॲक्सेस आहे. लॉकडाउनमध्ये सगळं घरूनच केलंस."

"त्यासाठी साहेबांना सांगावं लागेल."

"हो," ताई म्हणाली. "सांगावं लागेल. मी तेच दुपारपासून सांगतेय. सगळ्या ऑफिसला नको. एका माणसाला."

या ठिकाणी मी ताईच्या बाजूने पूर्ण आलो. लपवायचं म्हणून वहिनी ज्या ज्या गोष्टीला मुकत होती, ती प्रत्येक गोष्ट तिच्या प्रकृतीला लागणारी होती : उपासाच्या दोन आठवड्यांत वाटून घ्यायचं काम, घरून काम करण्याची मुभा, दर तासाला उठून चार पावलं चालणं, म्हणजे पायात गुठळी होण्याचा धोका कमी होतो. फाइलींचे खोके न उचलणं. आणि दुपारचा डबा.

डब्यावर दोघी बराच वेळ बोलल्या. वहिनीच्या ऑफिसात एक वाजता सात बायका एका टेबलाशी बसतात. एकीची भेंडी दुसरीच्या ताटात जाते. ऑपरेशननंतर पहिले आठवडे नुसते द्रव पदार्थ, मग गाळलेलं वरण, मऊ केलेलं पनीर, कुस्करलेलं अंडं. साधं जेवण यायला दीड-दोन महिने लागतात. तेव्हाही वाटीभर अन्न, बारीक चावून, अर्धा तास घेऊन. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. भरभर खाल्लं की छातीत दाटतं, उलटी होते. प्रोटीन दिवसाला साठ ग्रॅमच्या पुढे न्यायचं म्हणजे दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात जायला हवं.

"आणि एक वाजता साहेबांनी मीटिंग लावली तर?" ताईने विचारलं.

"मग जेवण तीनला. आताही तसंच होतं."

"आता चालतं. तेव्हा चालणार नाही. अगं, ऑपरेशन दीड-दोन तासांचं आहे. त्याचं काम नंतर जन्मभर चालतं. सातव्या-आठव्या दिवशी तपासणी, मग महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने. पुढे दरवर्षी रक्त तपासायचं. बी-१२, लोह, डी, कॅल्शियम. गोळ्या कायमच्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, तेव्हा घाबरून जाशील. आमच्याकडे एक बाई यायच्या, सुंदर वजन उतरलं होतं. मग ऑफिस, ऑफिस म्हणून यायच्या थांबल्या. दोन वर्षांनी आल्या तेव्हा पायाला मुंग्या, तोल जात होता. बी-१२ तळाला गेलं होतं. गोळीचे पैसे होते त्यांच्याकडे. भेटीला वेळ नव्हता."

वहिनीने कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. तिच्या हिरव्या गोलांमध्ये २१ नोव्हेंबरनंतर एकच गोल होता, टाके बघण्याचा. पुढे काही नव्हतं. आठवड्यांचा हिशेब तिने अचूक केला होता आणि वर्षांचा करायचा राहून गेला होता. मीही तो केला नव्हता, हे कबूल करतो. आम्ही सगळे ऑपरेशनच्या दिवसाकडेच बघत होतो.

"पण ताई, एक माझंही ऐका," ती म्हणाली. "साहेबांना सांगेन. अर्जावर मात्र ते नाव लिहिणार नाही. अर्ज रिसेप्शनपासून अकाउंट्सपर्यंत चार टेबलांवरून फिरतो."

ताईने यावर विचार केला. चौतीस वर्षांत तिने असंख्य दाखले पाहिले आहेत. "डॉक्टरांना विचार. पोटाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, इतके आठवडे विश्रांती, असं ते लिहू शकतात. ते खरंच आहे. रजेसाठी तेवढं पुरतं. बाकी तुझं."

वहिनीचा हा आग्रह मला योग्य वाटतो. खरं सांगणं आणि सगळं सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाने किती उघडं व्हायचं ते त्याने ठरवावं. ज्याला काम वाटून द्यायचं आहे आणि ज्याच्याकडून सोय हवी आहे, त्याला पूर्ण खरं. ज्याच्या टेबलावरून फक्त कागद जायचा आहे, त्याला कागदापुरतं खरं.

निघताना वहिनीने ऑफिसातल्या सफाईच्या मावशींचा विषय काढला. त्यांचंही वजन खूप आहे, गुडघे गेले आहेत. "माझ्याकडे लॅपटॉप आहे. त्यांनी कसं करायचं?" ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआयसी कापली जाते, त्यांना वर्गणीची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. दर पंधरा तारखेला ती वर्गणी वहिनीच भरते. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं.

साहेबांशी ती ऑडिट संपल्यावर बोलली. दार लावून, दहा मिनिटं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "१५ डिसेंबरचा ॲडव्हान्स टॅक्स कोण बघेल?" तिच्याकडे उत्तर लिहून तयार होतं : नोव्हेंबरचं ३बी हाताखालची मुलगी तयार करेल, ती फक्त तपासेल, तीन आठवडे पूर्ण रजा, त्यात सातचा टीडीएस साहेब स्वतः भरतील, पुढचे दोन आठवडे घरून काम, ॲडव्हान्स टॅक्स आणि डिसेंबरचं ३बी त्यातच, पाच आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटलं तर, गाडी, आणि तीही गर्दी ओसरल्यावरची, साडेदहाची. एक वाजता मीटिंग नको. साहेबांनी कागद ठेवून घेतला. तपासण्यांवर तिच्या सीएल तीनपैकी एकच गेली होती, ईएल एकही नाही. ताप आला, उलट्या लागल्या, आणखी आठवडा घरी राहावं लागलं, तरी पुरतील इतके दिवस शिल्लक होते.

ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात अशा वाचकांना एक विनंती आहे. तुमच्यासमोर असा कागद आला तर त्या माणसाने आधी किती रात्री जागून तो लिहिला असेल याचा विचार करा, आणि कामाचे प्रश्न विचारा. शरीराचे विचारू नका.

वहिनीने रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'पोटाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया व डॉक्टरांच्या सल्ल्याने विश्रांती' असं लिहिलं आहे. फ्रिजच्या बाजूला आता पुढच्या वर्षाचं कालनिर्णयही टांगलं आहे. त्यात २१ फेब्रुवारी, २१ मे आणि २१ नोव्हेंबर या तारखांभोवती हिरवे गोल काढून झाले आहेत. लाल गोल अजून काढायचे आहेत.